हॉलमधली फ्रेम

श्रूजबरी, १२ जानेवारी

प्रिय श्रीरंग,

आम्ही सगळे सुखरूप. नोकरीही आहे, मार्चपर्यंत तरी. आप्पा आता नीट जेवतात का?

सलोनीची शाळेत आयक्यू टेस्ट झाली. तिनं माझा स्कोअर विचारला. मी ऐटीत १४२ सांगितला. "आणि श्रीरंगकाकाचा?" मला ठाऊकच नव्हता. लहानपणी आप्पांनी माझा निकाल फ्रेम करून हॉलमध्ये लावला, तुझा कपाटात टाकला. मीही कधी विचारला नाही.

अर्धांगवायू झाल्यापासून तीन वर्षं आप्पांना तूच अंघोळ घालतोयस. मी फोनवरून अक्कल शिकवतो.

ती फ्रेम उतरव. त्या खिळ्याला तू लिहिलेलं त्यांच्या औषधांचं वेळापत्रक लाव. आप्पा चिडले तर म्हणावं, तुमच्या हुशार मुलानंच सांगितलंय.

तुझा,
दादा