पियानो सुमनला, हेडफोन सुपडूनानांना

भटू, तुझी कंबर आता कशी आहे? रावेरला केळीचे घड स्वतः उचलू नकोस, माणसं लाव. लताबाई, तळताना भाजलेला हात भरला का? सुपडूनाना, तुमचा खोकला भिंतीपलीकडून ऐकू येतो, तरी विचारते. सुमन, धुळ्याचं पाणी मानवलं का? यांची तब्येत बरी आहे, समोरच सुपारी कातरत बसलेत.

साक्षीला बसलेले रुपचंदभाऊ म्हणाले, "अक्का, मृत्युपत्रात खुशाली विचारत नाहीत." मी म्हटलं, वाचणारे तर जिवंतच असतात ना.

तर मी, पुष्पाबाई निंबा फेगडे, वय अडुसष्ट, राहणार फैजपूर, तालुका यावल, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी हात धरून लिहवून घेत नसताना, माझ्यामागे माझ्या वस्तूंचं काय करायचं ते लिहून ठेवते.

१. घरातला माझ्या नावचा हिस्सा मुलगा भटू याला.

२. वेफर्सची किसणी आणि मोठी कढई सून लताबाईला. किसणीला धार आहे, बोटं सांभाळ.

३. विजेवरचा पियानो मी केळीचे वेफर्स विकून घेतला आहे. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. तो माझी धाकटी जाऊ सुमनबाई मंगा फेगडे हिला द्यावा.

माझे दीर सुपडूनाना त्याला पहिल्या दिवशी म्हणाले, "वहिनी, हे इस्तरीचं टेबल कायले आनलं?" पण इतकं शहाणं यंत्र मी पाहिलं नाही. पट्टी हळू दाबली तर हळू बोलतं, जोरात दाबली तर जोरात. एका बटणानं पेटी होते, दुसऱ्यानं व्हायोलिन. खालचं पायडल मी पायपेटीचा भाता समजले, महिनाभर पाय हलवत बसले आणि सगळे सूर खिचडीसारखे एकात एक शिजले. मग कळलं, ते दाबून धरलं की सूर रेंगाळतो.

सर्वांत थोर ते सूर सरकवायचं बटण. मला फक्त पांढरी एक या सुरातून वाजवता येतं. माझा गळा उतरलेला, सुमनचा चढा, काळी चारचा. बटण दाबलं की बोटं जागेवर राहतात आणि सूर तिच्याकडे चालत जातो.

हेडफोनची भोकं दोन आहेत. मंगाभाऊ गेल्यावर सुमन माझ्याशेजारी बसून शिकली. दोघींच्या कानांत सूर, घर चिडीचूप. म्हणायची, "अक्का, पिन नीट खोच. नाना ऐकतीन." संक्रांतीनंतर ती एकटी वाजवत असताना पिन निसटली. ती इतकी रंगली होती की आवाज घरभर झालाय हे तिला कळलं नाही. यांनी अडकित्ता खाली ठेवला. शेजारची भिकुबाई सूप घेऊन ओट्यावरच थांबली. मी जन्मात इतकं गोड ऐकलं नव्हतं. तेवढ्यात नाना आले. "भाऊ जाऊन दोन वर्सं नाही झाली, अन् हिले वाजवनं सुचते?"

सुमननं झाकण लावलं. पुन्हा हात लावणार नाही म्हणाली आणि लेकीकडे धुळ्याला निघून गेली.

४. म्हणून दोन्ही हेडफोन सुपडूनानांना. नाना, राग मानू नका. सुमन वाजवेल तेव्हा कानांवर घालून बसा. पिन कुठे खोचायची गरज नाही.

५. पियानो विकू नये. भरतकामाचं कापड टाकून शोभेला ठेवू नये. आवाजाची कळ अर्ध्याच्या खाली आणू नये. सुमननं नाकारला तर कोणाला, हे रुपचंदभाऊंनी तीनदा विचारलं. ती ओळ मी कोरी सोडली आहे.

फैजपूर, १७ फेब्रुवारी १९९६
सही: पुष्पाबाई निंबा फेगडे
साक्षीदार: रुपचंद तोताराम भिरूड, भिकुबाई पुना सरोदे

सुमन, ही नक्कल तुला आत्ताच पाठवते. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात खरं, पण तुझं वाजवणं मला तेव्हा ऐकू येणार नाही. घेतेस की नाही, लवकर लिही.