मुजोर : वाक्यात उपयोग करा

मु. उंद्री
माघ वद्य पंचमी

प्रिय कोकिळेच्या बाबांस,

'प्रिय' लिहायला तुम्हीच शिकवलंत, तेव्हा आता हसू नका. जळगाव जामोदच्या शाळेत पोरांना शब्द घालता तसे मलाही टपालाने घालता, आणि मी चुलीपुढे बसून त्यांचा वाक्यात उपयोग करते. या खेपेचा शब्द मुजोर. अर्थ तुम्हीच लिहिलाय, सांगितलेलं मुद्दाम न ऐकणारा. उपयोग मला शोधावा लागला नाही. आपला धाकटा बैल मोटेला जुंपला की बसकण मारतो, तो मुजोर. तूर वाळत घातली की हाकलूनही शेळी परत येते, ती मुजोर. आणि सासूबाई पंधरा दिवसांपासून उठताबसता मला म्हणतात, "काऊन वं इतकी मुजोर झाली तू? चार अक्षरं काय आली, मोठ्या माणसाले उत्तरं देते." बैलाला निदान चारा तरी वेळेवर मिळतो.

मी उत्तर एकच दिलं होतं. एप्रिलपासून नवा कायदा येणार, चौदाच्या आतल्या मुलीचं लग्न करता येणार नाही, म्हणून गावात जो तो घाईला आलाय. पाळण्यातल्या पोरींनाही हळद लागते आहे. मामंजींनी आपल्या कोकिळेसाठी वरवट बकालचं स्थळ धरलं, फाल्गुनातला मुहूर्त काढला. मुलगा वीस वर्षांचा. मी म्हटलं, आठ वर्षांची आहे, देणार नाही. माझ्या म्हणण्याला इथे किती किंमत ते तुम्ही जाणता. कोकिळा नव्या परकराच्या आनंदात आहे. तिला काय सांगावं ते मला समजत नाही.

मामंजी म्हणाले, बापाचा होकार येऊ दे. सोमवारी तुमचं पाकीट आलं, त्यात माझ्या शब्दाची चिठ्ठी आणि मामंजींना पत्र. घरात वाचता येणारी मी एकटी, म्हणून ते पत्र त्यांनी माझ्याच हाती दिलं. तुम्ही लिहिलं होतं, वडिलांची आज्ञा मान्य आहे, लग्न उरकून घ्यावं. मी ते मनात दोनदा वाचलं. तुम्ही त्यांच्यापुढे कधी मान वर केली नाही हे ठाऊक होतं, तरी फार वाईट वाटलं. राग आला, तो अजून आहे.

मग मी मोठ्याने वाचलं, हे लग्न मला मान्य नाही, पोर चौदाची होईपर्यंत विषय काढू नये. इतकं सरळ खोटं मी जन्मात बोलले नव्हते. मामंजींनी कागद माझ्या हातून काढून घेतला. "माहा पोरगा असं लिहीन काय? त्याच्याच तोंडून आयकतो," म्हणाले. कागद मुंडाशात खोवून आज सकाळी गाडी जुंपून ते तुमच्याकडे निघाले. वाटेत कुणा शिकलेल्याला तो दाखवला तर सगळं संपलं. टपाल गाडीआधी पोचेल एवढीच आशा. ते दारात उभे राहतील तेव्हा मी वाचलं तेच बोला. आयुष्यात एकदा वडिलांना नाही म्हणा. माझ्या हाती याहून काही उरलं नाही.

तुमचीच,
सत्यभामा