ताप येईल, हे आधी सांगावं

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज फ्रीगंजच्या एका हॉलमध्ये नव्या लसीकरणवाल्या मुलींना शिकवून आले आणि चप्पलही न काढता तुला लिहायला बसले. तू असतीस तर आधी चप्पल काढायला लावली असतीस.

भैरवगढ़च्या गल्ल्यांमध्ये तू आयुष्यभर नर्सबाईची नोकरी केलीस. तिथे तुला सगळे ‘मराठी बेनजी’ म्हणायचे. सुई टोचून झाली, पोर अजून भोकाड पसरून रडतंय, आणि तू त्याच्या आईला शांतपणे सांगते आहेस, “आज बुखार आ सकता है. टांग सूजेगी, रोएगा, तुमको तंग करेगा. घबराना नी. कल सुबह मैं खुद देखने आऊँगी.” आणि खरंच जायचीस. ड्यूटीच्या आधी, सकाळी सातला! कुणाच्या तरी बाळाची मांडी बघायला माझी आई निघून जाते आणि माझी वेणी अर्धीच राहते, याचा मला शाळेत असताना भयंकर राग यायचा. तुझं काम म्हणजे फक्त टोचणं, बाकी सगळी उगाच उठाठेव, असं मला वाटायचं.

मग मीच तुझ्या आरोग्यखात्यात लागले, लोकांना समजावण्याच्या कामावर. तू रिटायर झाली होतीस. माझ्याकडे डिग्री होती, रंगीत तक्ते होते आणि जीभही बरी चालायची. भैरवगढ़च्या पहिल्याच शिबिरात एका चादरी छापणाऱ्याच्या सुनेनं दीड महिन्याचं बाळ छातीशी धरून विचारलं, “दीदी, कुछ होगा तो नी?” मी ऐटीत म्हणाले, “कुछ नी होगा, एकदम बेफिकर रहो.” संध्याकाळी बाळ तापानं फणफणलं, मांडी टम्म सुजली. पुढच्या महिन्यात दुसऱ्या डोससाठी नर्सबरोबर गेले, तर कोणी भांडलं नाही. पाणी दिलं, बसायला पाट दिला, आणि प्रत्येक दारात एकच उत्तर, “बच्चा तो मामा के घर गया है.” अख्ख्या गल्लीची पोरं एकाच दिवशी मामाकडे!

घरी येऊन मी तुझ्यासमोर गाऱ्हाणं मांडलं. तू पोळ्या करत होतीस. मी म्हणाले, “अशिक्षित आहेत गं ही माणसं.” तू तव्यावरची पोळी उतरवलीस आणि गॅस बंद केलास.

“अशिक्षित? त्यांना बरोबर कळलं की तू झूठ बोललीस.”

“ताप येईल म्हटलं तर लस घेणार कोण, आई?”

“मग मी इतकी वर्षं काय सांगत होते?” एवढा चढलेला तुझा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. डांग्या खोकल्यानं निळी पडलेली पोरं तू त्याच गल्लीत पाहिली होतीस. त्यातलं एक तुझ्या मांडीवर गेलं होतं, हे मला तू त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलंस. मग म्हणालीस, “उद्या चल माझ्याबरोबर.”

दुसऱ्या दिवशी आपण दोघी त्या सुनेच्या दारात उभ्या आहोत. तुझे गुडघे दुखताहेत. तिची सासू ओसरीवर छापलेल्या चादरींच्या घड्या घालते आहे. तू लसीचं नावही काढत नाहीस. एका चादरीचा लाल रंग बोटानं चाचपतेस आणि विचारतेस, “अम्मा, बेचते टाइम गिराहक को क्या बोलते हो?”

“येई के पहली धुलाई में थोड़ो रंग जाएगो.”

“और नी बोलो तो?”

“तो दूसरे दिन चादर लेके लड़ने आवे.”

“बस. मेरी लड़की ने पहली धुलाई की बात नी बोली.” एवढं म्हणून तू माझ्याकडे बघतेस. माझे कान तापलेत. मी हात जोडून म्हणते, “अम्मा, बुखार का मुझे मालूम था. मैंने छुपाया. गलती मेरी है.” म्हातारी मला नखशिखांत न्याहाळते आणि आत हाक मारते, “ला री, छोरे को ला!” मामाकडे गेलेलं बाळ आतल्या खोलीतून बाहेर येतं. तू तोंडाला पदर लावून हसतेस.

त्या वेळी मी सगळं आधी सांगून नर्सकडून लस टोचवली आणि दुसऱ्या दिवशी सातला त्यांच्या दारात हजर झाले. ताप आला होता. सून चक्क खुशीत म्हणाली, “आया दीदी, जैसा बोला था वैसा ही आया!” जणू मी शब्द पाळला होता. दुपारपर्यंत शेजारणी आपापली पोरं घेऊन आल्या. कोरोनाच्या वेळी मोबाइलवर नाही नाही ते फिरत होतं, तेव्हा त्या गल्लीनं मला दोनच प्रश्न विचारले: क्या-क्या होगा, और दूसरे दिन कौन आएगा? उत्तर ऐकलं आणि सगळे रांगेत उभे राहिले. मला तुझा इतका अभिमान वाटला, आई, की मास्कच्या आत रडले.

आता माझ्या प्रत्येक वर्गात पहिला धडा हाच असतो. आधी सांगा, आणि दुसऱ्या दिवशी जा. मुली त्याला ‘मैडम वाला तरीका’ म्हणतात. आज वर्ग संपल्यावर मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, “मैडम, ये आपने सीखा कहाँ से?” तू अगदी जिभेवर आली होतीस. मी म्हणाले, “बस सर, अनुभव से.” टाळ्या वाजल्या.

हा कागद कुठे पाठवणार? कपाटातच ठेवीन. पण खरं सांगते, त्या टाळ्या एकटीनं घ्यायला मला फार आवडलं.