दिव्यापुढचं पाणी

आबा,

मंगळवारी सकाळी कंपनीतली पहिली पाळी बुडवून मी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. माय सोबत आली. पन्नाशीला आलेल्या पोरालाही एकट्यानं दवाखान्यात जाऊ द्यायचं नाही, ही तिची सवय. मला सात-आठ वर्षांपासून शुगर आहे. महिनाभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचत होतं आणि मशीनसमोर उभं राहिलं की सारखं पाणी यायचं. डॉक्टरीणबाईंनी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसवलं. पट्टी जेमतेम टोकाला भिजली. "डोळे कोरडे पडलेत," त्या म्हणाल्या, "शुगरवाल्यांना होतो हा त्रास." मी म्हणालो, "कोरडे कसे? दिवसभर तर गळताहेत." "कोरडे आहेत म्हणूनच गळताहेत. टोचलं की डोळा पाणी सोडतो, पण ते टिकत नाही, नुसतं ओघळून जातं."

मग त्यांचं लक्ष बाकावरच्या मायकडं गेलं. ती पदरानं डोळे टिपत होती. "आजी, रडू नका, मुलाला काही मोठं झालेलं नाही."

"रडत नाय बाई मी," माय म्हणाली. "माझं डोळं असंच हायेत, लई वर्षं झाली. म्हणून तर घरात मला दिवा लावू देत नायत."

बाईंना काही कळलं नाही. मला कळलं. 'देत नव्हते' असं ती म्हणाली नाही.

खुलताबादजवळचं आपलं जुनं घर, स्वयंपाकघराच्या कोनाड्यातले देव. माझ्या लग्नाला महिनाही झालेला नाही. माय निरांजन घेऊन उभी आहे आणि तिच्या गालावर पाणी आहे. तुम्ही बैठकीतून उठून येता. "तिन्हीसांजेला रडती? घरात अवदसा आणायची का?"

"रडत नाय वो. डोळ्यात खडं टोचल्यावानी होतंय."

"वर तोंड करून बोलती!" तुम्ही निरांजन तिच्या हातातून काढून नव्या सुनेच्या हातात देता. "आजपासून हिनं लावायचा." सून माझ्याकडं बघते. मी भिंतीकडं बघतो.

मायला तेव्हाही शुगर होती. गोळ्या तुम्हीच आणायचात, पण डोळे दाखवायचं तुम्हाला कधी सुचलं नाही. उलट चारचौघांत तिला रडूबाई म्हणायचात आणि लोक हसले की खूश व्हायचात. मी तुमच्याइतकाच देव मानतो आबा, म्हणून राग जास्त येतो. दर सोमवारी वेरूळला जाऊन तुम्ही पिंडीवर तांब्यानं पाणी घालायचात. देवाला पाणी चालत होतं. घरच्या बाईच्या गालावरचं तेवढं अपशकुनी होतं. हे तुम्हाला कोणत्या देवानं सांगितलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

बाईंनी मायच्याही पापणीत पट्टी ठेवली. ती जवळजवळ कोरडीच निघाली. दोघांना थेंब लिहून दिले, शुगर आटोक्यात ठेवा म्हणाल्या. मायनं ती पट्टी मागून घेतली आणि रुमालात गुंडाळली. "कशाला गं?" मी विचारलं. "तुझ्या बापाला दावली असती," ती म्हणाली आणि पुढं चालू लागली.

तुमच्यासमोर हे बोलायची माझी कधी छाती झाली नाही. आज लिहितोय तेही पोचणार नाही याची खात्री आहे म्हणून. आणि एक कबूल करतो. तुम्ही गेल्यावर आम्ही गाव सोडलं, बजाजनगरला आलो, कोनाड्यातले देव भिंतीवरच्या देव्हाऱ्यात बसले. तुमचा हुकूम मात्र मी सामानाबरोबर उचलून आणला. तुम्ही तो अकरा वर्षं चालवला. मी चौदा.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला मी निरांजन बायकोकडून घेऊन मायपुढं धरलं. "घ्या आत्याबाई," बायको बाजूला सरत म्हणाली, "सुटले एकदाची." मायनं हात पुढं केला नाही. तिनं आधी भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"पाणी येतंय रं डोळ्याला."

"येऊ दे," मी म्हणालो आणि काडेपेटी तिच्या हातात दिली.