बाराची हाक

१२ फेब्रुवारी १९६१, अमरावती
आमच्या कुमुदच्या कॉलेजने नवीन काढलं आहे. प्रत्येक मुलीने एक म्हातारं माणूस निवडायचं, त्याची एक अडचण शोधायची, उपाय करायचा. कुमुदने भिंतीपलीकडची जनाबाई धरली. पूर्वी फुलं विकायची. आता डोळे गेले, मुलगा अकोल्याला, घरात एकटी. अडचण विचारली तर म्हणाली, "मेली त वास सुटेपावतर कोनाले समजनार नाही, माय."

१६ फेब्रु.
उपाय ठरला. रोज दुपारी बाराला जनाबाईने हाक मारायची, कुमुदने ओ द्यायची. हाक आली नाही तर धावत जायचं. प्राध्यापिका खूष. मला पेपरच्या रविवारच्या अंकाला मजकूर मिळाला. जनाबाई : "फोटू काढसान त सांगजा, पदर सारखा करतो."

२ मार्च
जनाबाई "गंगेऽ" अशी हाक मारते. गंगा तिची मुलगी. देवीच्या साथीत गेली, कुमुदच्याच वयाची. सौ. संतापली. "मेलेल्या पोरीच्या नावाला ओ देतेस? आणि तीही पहिल्याच हाकेला?" आमच्याकडे माणूस दिसत नसेल तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाहीत; मेलेलं माणूस तिसरी हाक मारत नाही म्हणतात. कुमुद : "म्हातारी खूष होते, आई. माझं काय जातं?"
मी हसलो. सौ.ला.

२६ मार्च
मजकूर छापून आला. गंगेचा उल्लेख गाळला. जागा नव्हती, असं सांगितलं.

९ एप्रिल
मुलगा येऊन जनाबाईला अकोल्याला घेऊन गेला. पलीकडे कुलूप.

१० एप्रिल
कुमुद गहू निवडत होती. बारा वाजले. मान वर करून म्हणाली, "ओऽ".
"कोणाला गं?"
"मी कुठे काय म्हटलं, बाबा?"

१९ एप्रिल
रोज. मागच्या खोलीत बसवून पाहिली, घड्याळ दिसू नये म्हणून. तरी बरोबर बाराला.

२४ एप्रिल
जनाबाईच्या मुलाचं कार्ड. "आई खुशीत आहे. रोज बाराले गंगेले हाक मारते आन् ओ आली म्हनून हासते. इथं शेजारी कोनी पोरगी नाही. कुमुदताईले आशीर्वाद."
सौ.ला दाखवलं नाही.

२५ एप्रिल
बाराला दहा मिनिटं. कुमुद अंगणात, भिंतीकडे तोंड करून उभी. मी हाक मारली, "कुमुद." वळली नाही. पुन्हा मारली, मोठ्याने. नाही.
सौ. दारात. "मारा ना तिसरी."
तिसरीलाही ओ आली नाही तर
आत येऊन हे लिहीत बसलो आहे. तिसरी हाक अजून मारलेली नाही.