खूण नसलेली नोंद

४ मे १९९३, मंगळवार

दारांच्या नोंदीसाठी कॉम्प्युटर बसवायला आलेला कंपनीचा इंजिनियर म्हणजे लय शहाणा माणूस! कालव्याचं दार फिरवायच्या आधी मी रजिस्टरात लिहितो, फिरवून झाल्यावर पुढं खूण करतो. सकाळी त्यावर हसला. "कॉम्प्युटर असताना हे कशाला?"

दुपारी लाईट गेली. परत आली तेव्हा कॉम्प्युटरातल्या सगळ्या नोंदी गायब! माझ्या रजिस्टरात एकाच नोंदीपुढं खूण नव्हती, तीन नंबरच्या दाराच्या. जाऊन बघितलं, तर ते दार मोटर बंद पडून अर्ध्यातच थांबलेलं.

मी म्हणलं, "साहेब, ह्या कॉम्प्युटरलाबी आधी लिहायला शिकवा की."

"आतला प्रोग्राम बदलायचं लायसन नाही आपल्याकडे."

बदलायचं सोडा, उघडून बघायचंबी न्हाई म्हणे! मग हा कशाचा इंजिनियर?

शेवटी माझंच रजिस्टर मागितलं, उतरवून घ्यायला. दिलं. लायसन विचारलं न्हाई.