अंकुश फेसबुकवर भेटला

१० ऑगस्ट, सकाळ
आजपासून रोजचं लिहायचं. मी बोलीन, नात आकांक्षा लिहिन. मले अक्षर येत नाई. मत मात्र साऱ्या गोष्टीवर आहे.
पुण्याचा पोरगा अंकुश चार महिन्यांपासून फोन उचलून नाई राह्यला. शेजारची शोभाबाई म्हणे, फेसबुकवर सारे भेटतात. म्हटलं, मायचा फोन उचलत नाई, थो तिथं काय भेटनार? शेवटी खातं उघडलं. अंकुशसाठी नाई. वांग्याचे भाव पाहायले.

११ ऑगस्ट
अंकुशले रिक्वेस्ट टाकली. जवाब नाई. मले काय फरक पडते? आकांक्षाले सतरा वेळा पाहायले लावलं, ते मोबाईल चालू आहे का म्हणून.

१४ ऑगस्ट
शोभाबाईनं गोबीचा फोटो टाकला. म्हणे, अंगठा दे. सोप्पं आहे काय! सासऱ्यानं न वाचता अंगठा देला होता, दोन एकर वावर गेलं. नाई देला. रुसून बसली.

१७ ऑगस्ट
अंकुशनं रिक्वेस्ट घेतली! लिहिलं, 'जेवण वेळेवर करत जा.' आकांक्षानं वाचून दाखवलं. खात्यावर त्याचा फोटो नाई. मोठे लोक साधेच राह्यतात.

२२ ऑगस्ट
महालक्ष्म्याले येतो काय, विचारलं. 'प्रयत्न करतो.' म्हणजे येतो. साऱ्या गल्लीत सांगून आली. शोभाबाई हसली. जळते. तिचा पोरगा तर इथं नाचणगावातच राहून भेटत नाई.

२८ ऑगस्ट
अंकुश लिहिते, 'गुडघ्याले तेल लाव.' गुडघ्याचं मी आकांक्षाशिवाय कोणाले बोलली नाई. पुण्यात बसून पोराले समजलं! रक्ताचं असतेच तसं.

१ सप्टेंबर
महालक्ष्म्या जेवल्या. सोळा भाज्यांतल्या पंधरा आपल्या वावरातल्या. अंकुशचं ताट झाकून ठेवलं.
तीन वाजता शोभाबाईच्या फोनवरून लावला. अनोळखी नंबर, लगेच उचलला. म्हटलं, कुठवर आला? म्हणे, कुठून? फेसबुकवर सांगितलंस ना रे? म्हणे, माय, दोन वर्षं झाले मी फेसबुक बंद करून. मीटिंग आहे, ठेवतो.
शोभाबाई या वेळी हसली नाई. ते जास्त लागलं.
आकांक्षाचा पेन थांबला. रडून राह्यली. म्हटलं, काऊन रडतं? जे झालं तेच लिही.
लिहिलं? मंग आता फेसबुक उघड. अंकुशले विचार, जेवला काय.
अन् जवाब जरा मोठा लिहिजो.